संचालक स्वतःच कंपनीच्या वतीने कोर्टात उभा राहू शकतो का? (नागपूर, वसुलीचा दावा)

हिंगणा_शीटमेटल

आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, हिंगणा एमआयडीसीत पत्र्याचं काम. संचालक दोनच, मी आणि बायको. शेअर्सही सगळे आमच्याचकडे. एका स्टील सप्लायरने ७ लाख ४० हजार अधिक व्याज असा वसुलीचा दावा इथल्या जिल्हा न्यायालयात लावला आहे. आमचं म्हणणं सरळ आहे. पत्रा २ मिमीचा मागवला होता, एका गाडीत १.६ चा निघाला. कळवूनही त्यांनी तो उचलला नाही, म्हणून आम्ही डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची नोंद) काढली.

मापं, चलनं, धरमकाट्याच्या पावत्या, ईमेल सगळं मला तोंडपाठ आहे. हे वकिलाला समजावत बसण्यापेक्षा मीच बोललो तर? कंपनी पूर्ण आमचीच असताना संचालक म्हणून मी युक्तिवाद आणि उलटतपासणी करू शकतो का? बोर्डाचा ठराव पुरतो का? एनसीएलटी (कंपनी न्यायाधिकरण), ग्राहक आयोग, जीएसटी अशा ठिकाणी वेगळे नियम आहेत का? समन्स येऊन तीनेक आठवडे झाले आहेत.


निशाणी_पाच

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण बाकीचं नंतरही वाचता येईल. समन्स काढा आणि मथळा बघा.

त्यात दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ३७ असेल तर तो समरी सूट, म्हणजे झटपट निकालाचा दावा. त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवून नोटिशीसाठीचा पत्ता द्यावा लागतो. ती मुदत गेली असेल तर उद्याच्या उद्या विलंब माफीचा अर्ज लागेल, नाहीतर दाव्यातला मजकूर कबूल धरून थेट डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) होते. साधा दावा असेल तर कैफियत (तुमचं लेखी उत्तर) ३० दिवसांत, कारण दाखवून ९० पर्यंत. व्यापारी दावा असेल, आणि मालाच्या व्यवहारातला ३ लाखांवरचा वाद बहुतेक तसाच असतो, तर ३० दिवस आणि कोर्टाने लेखी कारण देऊन, खर्च लावून वाढवले तर जास्तीत जास्त १२०. १२१व्या दिवशी कैफियत देण्याचा हक्कच संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात हे पक्कं केलं आहे. तिथे 'साहेब, वकील शोधत होतो' हे कारण चालत नाही.

आता मूळ प्रश्न. दिवाणी न्यायालयात संचालकाची सही चालते, युक्तिवाद चालत नाही. कारण असं. शंभर टक्के शेअर तुमचे असले तरी कायद्याच्या लेखी कंपनी ही तुमच्याहून वेगळी व्यक्ती आहे. कंपनीचं देणं तुमच्या घरादारावर येत नाही ते याचमुळे, आणि तुम्ही उभे राहिलात तर ते 'पक्षकार स्वतः हजर' धरलं जात नाही तेही याचमुळे. एक बाजू घ्यायची आणि दुसरी नाकारायची, असं करता येत नाही. वन पर्सन कंपनी आणि एलएलपीलाही हेच लागू. तुमची प्रोप्रायटरशिप असती तर हा प्रश्नच नव्हता. तिथे मालक म्हणजेच पक्षकार, त्याने खुशाल स्वतः बोलावं.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ३ रूल १ सांगतो की हजर राहणं, अर्ज देणं, कृती करणं हे पक्षकार स्वतः, त्याचा मान्यताप्राप्त प्रतिनिधी किंवा वकील करू शकतो. मुखत्यारपत्र घेतलेला माणूस रूल २ खाली असा प्रतिनिधी होतो. इथेच लोक फसतात. 'हजर राहणं' यात 'बाजू मांडणं' येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९५५ मध्ये अश्विन शंभुप्रसाद पटेल विरुद्ध नॅशनल रेयॉन या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की कोर्टाला संबोधित करणं, साक्षीदार तपासणं, उलटतपासणी घेणं हा वकिलीचा भाग आहे आणि ऑर्डर ३ त्याबद्दल बोलतच नाही. नागपूरच्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक आहे. पुढे १९९९ मध्ये टी. सी. मथाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही मुखत्याराबद्दल हीच भूमिका घेतली.

मग संचालक काय करू शकतो? बरंच काही. ऑर्डर २९ रूल १ प्रमाणे कंपनीचा सचिव, कोणताही संचालक किंवा माहीतगार प्रमुख अधिकारी दावा-कैफियतीवर सही आणि सत्यापन करतो. शपथपत्र तो करतो, सरतपासणीचं (आपल्याच बाजूच्या साक्षीचं) शपथपत्र देऊन साक्ष तोच देतो, तडजोडीच्या पुरशिसवर (कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनावर) सही त्याचीच. रूल ३ खाली तर कोर्ट त्याला जातीने बोलावूही शकतं. नाही करू शकत ते एवढंच: बोर्डवर केस पुकारली की उभं राहून कायदा आणि पुरावा मांडणं, आणि समोरच्याच्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं.

एक खिडकी उघडी आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चं कलम ३३ म्हणतं की वकिली फक्त वकिलाने करावी, पण कलम ३२ कोर्टाला अधिकार देतं की एखाद्या ठरावीक प्रकरणापुरती वकील नसलेल्या व्यक्तीलाही परवानगी द्यावी. हक्क नाही, परवानगी. हरिशंकर रस्तोगी प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणूस कोण आहे, त्याचं चालचलन कसं आहे, तो का मागतो आहे हे पाहून कोर्ट ठरवेल आणि मध्येच परवानगी काढूनही घेऊ शकेल. अर्ज द्यायचा तर त्याच प्रकरणात, पहिल्याच तारखेला, ठराव आणि शपथपत्र जोडून द्या. 'वकील महाग पडतो' एवढंच कारण लिहाल तर चालू धंदा असलेल्या कंपनीबाबत तो अर्ज फारसा टिकत नाही. आणि अर्जावर निर्णय होईपर्यंत कैफियतीची मुदत थांबत नाही, हे ध्यानात ठेवा.


बुटीबोरी_भाऊ

राजेहो, इतकं काऊन घाबरवता? सिव्हिल लाईन्सच्या कोर्टात रोज कंपन्यांचे मॅनेजर अन् डायरेक्टर उभे राहून राहिले. साहेब कोणालेच हाकलत नाही. परवानगी-बिरवानगी काही लागत नाही.


निशाणी_पाच

भाऊ, उभे राहतात ते तारीख घ्यायला. पुकारा झाला की 'कंपनीतर्फे हजर आहे, वकील नेमायला मुदत द्यावी' एवढं म्हणायला कोणी अडवत नाही, कारण ती हजेरी झाली. प्रश्न येतो मुद्दे निघाल्यावर, म्हणजे वाद नेमका कशावर हे कोर्टाने ठरवल्यावर. समोरचा वकील उभा राहून म्हणतो की प्रतिवादीतर्फे अधिकृत कोणी नाही, आणि रोजनाम्यात लिहिलं जातं 'प्रतिवादी व वकील गैरहजर' किंवा 'उलटतपासणी नाही'. माणूस तिथे उभा होता आणि कागदावर गैरहजर आहे. मग ऑर्डर ९ रूल १३ खाली एकतर्फा डिक्री रद्द करायचा अर्ज, तोही डिक्रीपासून ३० दिवसांत. समन्स नीट बजावलंच नव्हतं असं म्हणता आलं तरच माहिती झाल्यापासून ३० दिवस मोजतात. इथे तर समन्स मिळालं आहे.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. काही जण वकील नसलेल्या 'लीगल कन्सल्टंट'ला पगारी अधिकारी दाखवून ठराव देतात आणि तो कंपनीमागून कंपनीच्या केसेस चालवतो. वकिलीचा हक्क नसताना वकिली करणाऱ्याला ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ४५ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद आहे. कंपनीचंही त्यात भलं होत नाही.

उच्च न्यायालयात, म्हणजे नागपूर खंडपीठातही, व्यक्तीला स्वतःची बाजू स्वतः मांडायची असली तरी २०१५ च्या नियमांप्रमाणे रजिस्ट्रीची समिती आधी कागद बघते, माणसाशी बोलते आणि त्याला ते झेपेल का याचा अहवाल देते. जिवंत माणसाची ही तऱ्हा, तर कंपनीचं विचारूच नका.


धंतोली_सीएस

ठरावाबद्दल लिहितो, कारण अर्ध्या प्रकरणांत पहिली हरकत इथेच येते.

ठराव कंपनीच्या मिनिट बुकात खराखुरा झालेला पाहिजे. दोन संचालकांची कंपनी असेल तर कोरमसाठी दोघंही हजर हवेत. सभेची नोटीस ७ दिवस आधी. तेवढा वेळ नसेल तर कंपनी कायद्याच्या कलम १७५ खाली सर्क्युलेशनने, म्हणजे सभा न घेता मसुदा फिरवून, ठराव करा आणि पुढच्या सभेत त्याची नोंद घ्या. कोर्टात द्यायची ती प्रमाणित प्रत: लेटरहेड, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), सभेची तारीख, ठरावाचा शब्दशः मजकूर, खाली सही, नाव, डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक).

चुका नेहमीच्या त्याच. ज्याला अधिकार दिला त्यानेच स्वतःच्या बाजूची प्रत प्रमाणित केलेली असते. तुमच्याकडे दुसरी संचालक आहे, सही तिची घ्या. मजकुरात फक्त 'दावे दाखल करण्यास' असतं आणि कंपनी इथे प्रतिवादी आहे. म्हणून सही, सत्यापन, कैफियत, प्रतिदावा, शपथपत्र, साक्ष, कागदपत्रं दाखल करणं आणि परत घेणं, वकील नेमणं आणि बदलणं, तडजोड, अपील हे सगळं एकेक लिहा. तडजोडीचा शब्द राहिला तर लोकअदालतीत ऐन वेळी अडतं. दाव्याचा क्रमांक आणि पक्षकारांची नावंही घाला. 'सर्व न्यायालयीन कामांसाठी' असा गुळगुळीत ठराव उलटतपासणीत चांगलाच सोलला जातो.

डीआयएन चालू आहे का तेही बघा. सलग ३ आर्थिक वर्षं वार्षिक विवरणपत्रं किंवा ताळेबंद भरले नसतील तर संचालक कलम १६४(२) खाली अपात्र ठरतो आणि मग त्याच्या सहीवरच बोट ठेवलं जातं.

सहीच्या वेळी ठराव नव्हता म्हणून सगळं संपतं असं मात्र नाही. युनायटेड बँक विरुद्ध नरेश कुमार (१९९६) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी त्रुटी दुरुस्त होऊ शकते, कंपनी नंतर मान्यता देऊ शकते, ती मान्यता वर्तणुकीवरूनही धरता येते. म्हणून समोरच्याच्या ठरावातली खोट सापडली की लगेच उड्या मारू नका. दावा त्याने पडत नाही, फक्त एखादी तारीख वाढते.


वाडी_अकाउंट्स

इतर ठिकाणांचं मी सांगते. एकच सूत्र: ज्या कायद्याने ते न्यायाधिकरण निर्माण झालं, त्यातच कोण बोलू शकतं हे लिहिलेलं असतं. तेवढं एक कलम शोधलं की झालं.

एनसीएलटी: कंपनी कायदा २०१३ चं कलम ४३२. पक्षकार स्वतः, किंवा सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट, वकील 'किंवा अन्य कोणतीही व्यक्ती'. म्हणजे संचालकाला रीतसर वाव आहे. हजेरीपत्र एनसीएलटी-१२ या नमुन्यात द्यायचं, सोबत ठराव. नागपूरच्या कंपन्यांसाठी खंडपीठ मुंबईचं आहे. इथे एक सापळा आहे. दिवाळखोरी संहितेखाली कंपनीविरुद्ध अर्ज दाखल करून घेतला गेला की त्या क्षणापासून संचालक मंडळाचे अधिकार कलम १७ खाली निलंबित होतात आणि कंपनीतर्फे बोलतो तो न्यायाधिकरणाने नेमलेला रिझोल्यूशन प्रोफेशनल. जुना संचालक कंपनीच्या नावाने अपील करू शकत नाही, स्वतःच्या नावाने करावं लागतं. इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज (२०१७) मध्ये हेच झालं. अपिलाला ३० दिवस, वर फार तर १५.

डीआरटी (बँकांच्या कर्जवसुलीचं न्यायाधिकरण): नागपूरला आहे. वसुली कायदा १९९३ च्या कलम २३(२) मध्ये प्रतिवादी स्वतः, वकील किंवा 'त्याचा अधिकारी' असं थेट लिहिलं आहे. पण बँकेच्या व्याजाचा हिशेब, तारण, ते जप्त करण्याच्या सरफेसी कायद्याच्या कलम १३ च्या नोटिशी हे सगळं असताना एकट्याने जाणं शहाणपणाचं नाही. परवानगी आहे एवढंच.

ग्राहक आयोग: अधिकृत प्रतिनिधी चालतो, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सी. वेंकटाचलम प्रकरणात ते मान्य केलं आणि २०१४ मध्ये त्याचे विनियम आले. कंपनी विरुद्ध पक्ष असेल तर संचालक ठराव घेऊन उभा राहू शकतो. मुदत मात्र कडक: लेखी जबाब ३० दिवस अधिक १५, एक दिवसही जास्त नाही. २०२० च्या घटनापीठाच्या निकालानंतर आयोगाच्या हातात ते राहिलेलंच नाही. जिल्हा आयोगावरचं अपील राज्य आयोगाच्या नागपूर परिक्रमा खंडपीठाकडे जातं.

जीएसटी: केंद्रीय कायद्याचं कलम ११६. नियमित कर्मचारी, वकील, सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट, जीएसटी प्रॅक्टिशनर. शपथेवर जबाबासाठी समन्स असेल तर ज्याचं नाव त्यानेच जायचं, तिथे प्रतिनिधी चालत नाही. आयकराचंही साधारण असंच.

महारेरा (बांधकाम प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण): रेरा कायद्याच्या कलम ५६ मध्ये 'अधिकारी' हा शब्द आहे, म्हणून बिल्डर कंपनीचा संचालक बोलू शकतो.

कामगार प्रकरणांत उलटंच. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे समेटाच्या कारवाईत वकिलाला मज्जाव, आणि न्यायाधिकरणापुढे समोरच्याची संमती व परवानगी असेल तरच वकील. मालकाने स्वतः किंवा आपल्या मालक-संघटनेच्या पदाधिकाऱ्यामार्फत यावं ही अपेक्षा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, त्यामुळे नवीन प्रकरणात कलम क्रमांक संहितेतलेच घाला.

लवादापुढे वकीलच पाहिजे असं काही नाही. करारात लवादाचं कलम असेल तर संचालक निर्धास्त बोलू शकतो.


कळमना_ट्रेडर

याच विषयात एक विचारतो. आमची येणी बाहेर अडकली आहेत. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे संचालक स्वतः जाऊ शकतो असं ऐकलं, खरं का?


वाडी_अकाउंट्स

हो, आणि माझ्या मते छोट्या कारखानदाराने वसुलीसाठी आधी तिकडेच बघावं. एमएसएमईडी कायदा २००६, कलम १८. अर्ज ऑनलाइन. आधी समेट, तो फसला की लवाद, दोन्हीकडे संचालक बोलू शकतो. पैसे देण्याची मुदत करारात काहीही लिहिली तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. खरा दाब तिथे आहे.

पण तुम्ही 'ट्रेडर' असं नाव घेतलंय म्हणून सांगते: घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती, उशिरा पैशांच्या तरतुदींसाठी नाही. उत्पादन किंवा सेवा असेल तरच. आणि नोंदणी माल देण्याआधीची असू द्या. नंतर काढलेल्या नोंदणीवर आधीच्या बिलांचं व्याज मागितलं की पहिली हरकत त्यावरच येते. अर्जासोबत बिलागणिक तक्ता द्या: बिल क्रमांक, तारीख, माल स्वीकारल्याची तारीख, ४६वा दिवस, आलेली रक्कम, बाकी. बरेच अर्ज फक्त लेजर जोडून जातात आणि त्रुटीत परत येतात.


हिंगणा_शीटमेटल

सगळ्यांचे आभार. समन्स पाहिलं. 'कमर्शिअल सूट' लिहिलं आहे, ऑर्डर ३७ नाही. आणि एक गोष्ट आधी लिहायची राहिली: प्रतिवादी क्रमांक १ कंपनी, क्रमांक २ मी स्वतः. मी काही वैयक्तिक हमी दिलेली नाही. याचा काही उपयोग होतो का? एका चेकचीही भानगड आहे, त्याची फक्त नोटीस आली आहे अजून.


निशाणी_पाच

उपयोग होतो, पण दुधारी आहे.

प्रतिवादी २ म्हणून तुम्ही जिवंत माणूस आहात, स्वतःपुरती बाजू तुम्ही हक्काने मांडू शकता, उलटतपासणीही घेऊ शकता. कंपनीसाठी वकील आणि स्वतःसाठी तुम्ही, असं कायदेशीर आहे. पण हमी नसेल तर तुमचा पहिला अर्ज असायला हवा तो ऑर्डर १ रूल १०(२) खाली नाव वगळण्याचा, कारण संचालक कंपनीच्या देण्याला आपसूक जबाबदार नाही. तो मंजूर झाला की तुमचा बोलायचा हक्कही गेला. बोलता यावं म्हणून स्वतःवरची जबाबदारी अंगाला लावून घ्यायची, हा सौदा कोणी करू नये. नाव वगळून घ्या, आणि कंपनीच्या कैफियतीत 'आम्ही' आणि 'मी' यांची सरमिसळ होऊ देऊ नका. 'मी पैसे देणार होतो' असं एक वाक्य ईमेलमधून किंवा कैफियतीतून निघालं की तेच हमी म्हणून वाचून दाखवतात.

व्यापारी दावा आहे तर दाव्यासोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मध्यस्थी अहवाल जोडला आहे का ते बघा. तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसेल तर व्यापारी न्यायालये कायद्याच्या कलम १२-अ ची दाव्याआधीची मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशन (२०२२) नंतर, २० ऑगस्ट २०२२ पासूनचे दावे ती टाळून लावले असतील तर फेटाळता येतात. तुम्हाला प्राधिकरणाची नोटीस येऊन गेली असेल आणि तुम्ही गेला नसाल तर मात्र 'नॉन-स्टार्टर' (मध्यस्थी सुरूच झाली नाही असा) अहवाल तयार झाला असणार आणि हा मुद्दा मिटला.

चेकचं वेगळं आहे. चेक न वटल्याबद्दलच्या, म्हणजे पराक्रम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ च्या नोटिशीनंतर १५ दिवसांत रक्कम दिली नाही तर पुढच्या एका महिन्यात तक्रार होते. त्यात कंपनी आरोपी १ आणि सही करणारा संचालक आरोपी २. स्वतःपुरता बचाव स्वतः करता येतो. कंपनीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०५ खाली, प्रतिनिधी नेमता येतो. तो कंपनीच्या जागी उभा राहतो, आरोप ऐकतो, जबाब देतो. पण आरोपीच्या जागी उभं राहणं म्हणजे वकिलाच्या जागी उभं राहणं नव्हे. नोटिशीला उत्तर मात्र १५ दिवसांच्या आत पाठवा, त्यात जाडीचा वाद आणि डेबिट नोट लिहा. तिथे जे लिहिलं नाही ते नंतर सुचलेलं ठरतं.


धंतोली_सीएस

फीचा प्रश्न राहिलाच. तारखेगणिक फी ठरवू नका. टप्प्याने ठरवा: कैफियत आणि कागद, पुरावा आणि उलटतपासणी, अंतिम युक्तिवाद. संचालकाला जे तोंडपाठ आहे ते कागदावर आलं तर वकिलाचं निम्मं काम होतं.


निशाणी_पाच

बरोबर, आणि ते कागदावर कसं आणायचं तेच सांगतो. दाव्याचा परिच्छेद आणि समोर तुमचं उत्तर असा तक्ता करा. 'खोटं आहे, नाकबूल' एवढ्यावर भागवू नका. ऑर्डर ८ रूल ३ ते ५ प्रमाणे मोघम नकार म्हणजे कबुलीच, आणि व्यापारी दाव्यात तर का नाकबूल आणि तुमचं खरं म्हणणं काय हेही लिहावं लागतं. 'परिच्छेद ६ मधील ४ क्रमांकाच्या चलनाचा माल मिळाला, पण ऑर्डरमध्ये जाडी २ मिमी असताना १.६ मिमी निघाला, त्याच दिवशी ईमेलने कळवलं' असं लिहा.

पत्रा अजून गोदामात असेल तर विकू नका, कापू नका. कॉइल किंवा शीटवरचं मिलचं लेबल शाबूत ठेवा. मायक्रोमीटरने कडा सोडून आत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण कडेला जाडी वेगळी येते आणि समोरचा तेच धरून बसेल. मोजणाऱ्याचं नाव, तारीख, उपकरणाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. जमलं तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्या, आणि नमुना काढायच्या आधी सप्लायरला पत्र देऊन बोलवा. आला नाही तर ते पत्रच पुराव्याला कामी येतं. वजनावरूनही ताळा लागतो: पोलादाच्या २ मिमी पत्र्याचं वजन चौरस मीटरला साधारण १५.७ किलो, १.६ चं साधारण १२.५६. बिल नगावर असेल तर शीटची संख्या, साईज आणि धरमकाट्याचं निव्वळ वजन एकत्र ठेवलं की जाडीचा फरक कागदावरच उघडा पडतो. बिल वजनावर असेल तर सप्लायर म्हणेल की पैसे वजनाचेच घेतले, मग नुकसान कसलं? त्याला उत्तर म्हणून १.६ चा पत्रा तुमच्या कोणत्या जॉबला चालत नव्हता त्याचं ड्रॉइंग आणि तुमच्या ग्राहकाची ऑर्डर लागेल.

ईमेल आणि व्हॉट्सॲपच्या प्रिंटला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा, भाग अ आणि भाग ब दोन्ही, हॅश व्हॅल्यूसकट (म्हणजे फाइलच्या डिजिटल खुणेसकट). भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो, तो रिकामा सोडलेला बऱ्याचदा दिसतो. नुसता लेजर उतारा पुरत नाही. हिशेबाची वही एकटी कोणावर जबाबदारी आणू शकत नाही, त्यामागचं बिल, चलन, गेट इनवर्ड रजिस्टरचं पान लागतं. व्यापारी दाव्यात कागद कैफियतीसोबतच द्यायचे. मागाहून द्यायचे तर परवानगी आणि सबळ कारण. सत्यकथनाचं शपथपत्रही ठरावीक नमुन्यातच.

डेबिट नोटची रक्कम नुसता बचाव म्हणून सांगायची, वजावट म्हणून मागायची की प्रतिदावा करायचा, हे वकिलाशी पहिल्याच बैठकीत ठरवा. वजावट आणि प्रतिदाव्याला कोर्ट फी लागते, पण दावा निघाला तरी प्रतिदावा उभा राहतो.


हिंगणा_शीटमेटल

बिल वजनावर आहे. जॉबचं ड्रॉइंग आणि ग्राहकाचा रिजेक्शन मेल दोन्ही आहेत. ठराव आजच्या तारखेचा केला तर चालेल ना? समन्स आधीचं आहे. सात दिवसांची नोटीस काढायला वेळ नाही.


धंतोली_सीएस

चालेल. तुम्ही प्रतिवादी आहात, कैफियतीवर सही होण्याआधीचा असला की पुरे. सर्क्युलेशनने करा: मसुदा आणि सोबतचे कागद दोघांनाही ईमेलने पाठवा, बायकोची संमती ईमेलवरच घ्या, म्हणजे तारीख आपोआप शाबीत होते. मागची तारीख अजिबात टाकू नका. ठरावात दाव्याचा क्रमांक आणि सीएनआर क्रमांक (ई-कोर्टातला केसचा क्रमांक) दोन्ही घाला. वकीलपत्रावर सही करताना नावाखाली 'कंपनीकरिता, संचालक' आणि शिक्का. प्रतिवादी २ म्हणून तुमचं वकीलपत्र वेगळं, त्यावर शिक्का नको.